गोयाच्या चित्रातलं कुत्रं कापलंत, प्रिंट बदलून द्या

कस्टमर केअर टीम,
नमस्कार.

तुमच्याकडून स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७८३ च्या चित्राची कॅनव्हास प्रिंट मागवली होती, छोटी मारिया तेरेसा आणि तिच्या पायाशी पांढरं झिपरं कुत्रं. पॅकिंग चांगलं होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कुत्रं अर्धंच आलंय!

चॅटवर तुमचा माणूस म्हणाला, स्टँडर्ड साइजमध्ये साइडचं थोडं क्रॉप होतंच, मेन सब्जेक्ट पूर्ण आहे ना मॅडम. थोडं? मूळ चित्र १३४.५ बाय ११७.५ सेंटीमीटर आहे, म्हणजे जवळजवळ चौकोनीच, ते तुम्ही २४ बाय ३६ इंचात बसवलं की रुंदीचा पाचवा हिस्सा तरी जाणारच, आणि ऑर्डर करताना तर पूर्ण चित्र दिसत होतं.

आणि कुत्रं मेन सब्जेक्ट नाही हे कोणी ठरवलं? त्या पोरीला मोठ्या बाईसारखे कपडे घातलेत, ती उभी पण तशीच ताठ राहिलीय, पायाशी ते कुत्रं आहे म्हणून तर कळतं की ही किती लहान आहे. चित्रावरच लिहिलंय, वय दोन वर्षं नऊ महिने. पावणेतीन वर्षांची पोर हो! तिचे वडील डॉन लुईस म्हणजे स्पेनच्या राजाचे सख्खे भाऊ, पण राजघराण्याबाहेर लग्न केलं म्हणून दरबारापासून लांब राहायला लागलं, मागे जे डोंगर दिसतात ते तिकडचेच, मध्य स्पेनमधल्या ग्रेदोसचे. १७८५ मध्ये वडील गेले, पोरांना आईपासून तोडलं, आणि पुढे १७९७ मध्ये दरबारानेच हिचं लग्न तेव्हाचा पंतप्रधान गोदोय याच्याशी लावून दिलं. १८०० मध्ये गोयाने तिला परत रंगवलं, ते चित्र माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहे, त्यात ती गरोदर आहे आणि रिकाम्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर एकटी बसलीय. मला ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावायची होती. आता पहिल्यातच तिचा सोबती अर्धा गायब असेल तर मी काय लावू?

रंगांचं पण सांगते, तिची निळी चोळी पार काळी आलीय.

मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि त्याची मोठी इमेज ते फुकट डाउनलोड करू देतात, त्यामुळे चांगली फाइल मिळत नाही असं कृपा करून सांगू नका.

मला २४ बाय २१ इंचात, काहीही न कापता, नवीन प्रिंट हवी आहे, आणि छापायच्या आधी प्रूफ मेलवर पाठवा. जमत नसेल तर पूर्ण पैसे खात्यात परत करा, कूपन नको. जुनी प्रिंट घेऊन जायला माणूस तुम्हीच पाठवा, कुरियरचा खर्च मी देणार नाही. फोटो सोबत जोडलेत, उत्तर लेखी द्या.