बायबल मतदानानं ठरलेलं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकानं लिहिलं होतं की इ.स. ३२५ साली निकियाला (आजच्या तुर्कस्तानात) रोमन बादशहा कॉन्स्टंटाईननं बिशप लोक, म्हणजे चर्चचे मोठे धर्मगुरू, जमवले, मतदान घेतलं आणि बायबलात कुठली पुस्तकं ठेवायची ते ठरवून टाकलं. झालं, दुपारपर्यंत त्या पत्राचा फोटो पुतण्याच्या तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, संध्याकाळी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर आणि रात्री पुतण्या दारात, काकी खरंय का हे म्हणून. बरीच वर्षं संडे स्कूल घेते मी, म्हणून आला बिचारा.

तर खरं नाही ते. निकियातलं भांडण वेगळंच होतं. अरियस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या एका पाळकाचं म्हणणं होतं की पुत्र म्हणजे येशू हा पित्यानं म्हणजे देवानं निर्माण केलेला, बरोबरीचा नाही, त्यावर वाद झाला, मग ईस्टर कधी पाळायचा त्यावर बोलणं झालं आणि वर २० नियम केले. त्या २० नियमांत पुस्तकांच्या यादीचं नावसुद्धा नाही. पुढं काही वर्षांनी कॉन्स्टंटाईननं नव्या राजधानीतल्या चर्चसाठी युसेबियस बिशपाकडून शास्त्राच्या ५० प्रती करून मागवल्या हे मात्र खरं, त्यातनंच ही गोष्ट फुगली असावी असं मला वाटतं. आणि गंमत म्हणजे हाच युसेबियस स्वतः लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात सरळ लिहितो की अमुक पुस्तकं सगळ्यांना मान्य आहेत आणि याकोबाचं, यहूदाचं, पेत्राचं दुसरं अशी काही पत्रं आहेत त्यांच्यावर अजून वाद आहे. आज आपल्या हातात असलेल्या नव्या कराराच्या, म्हणजे बायबलातल्या येशूपासून पुढच्या भागाच्या, २७ पुस्तकांची नेमकी यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या ईस्टरच्या पत्रात. म्हणजे निकियानंतर ४२ वर्षांनी. तीपण लगेच सगळीकडं चालली असं नाही, सिरियाकडच्या जुन्या बायबलातल्या नव्या करारात कितीतरी काळ २२च पुस्तकं होती.

मग झालं कसं हे सगळं? तर पत्रांनी. नव्या करारातल्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रंच आहेत, आणि गावोगावी येशूचा संदेश सांगत फिरलेल्या पौलाची पत्रं चारी शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या चरित्रांच्या, आधीची, साधारण ५० ते ६० सालातली. लिहिताना त्याला कुठं माहीत होतं की आपलं शास्त्र होणाराय! करिंथ गावच्या मंडळीला तो रागानं लिहितो की क्रिस्प आणि गायस सोडून मी तुमच्यातल्या कुणाचा बाप्तिस्मा केला नाही, आणि लगेच पुढं, हां, स्तेफनाच्या घरच्यांचा केला होता, आणखी कुणाचा केला असेल तर आठवत नाही. हे वाक्य मला फार आवडतं. कुणीतरी सांगतंय आणि लिहिणारा भराभर उतरवतोय, खोडायला सवड नाही. कलस्सै गावच्या मंडळीला तो सांगतो की वाचून झालं की हे पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचायला लावा आणि त्यांच्याकडचं तुम्ही वाचा. अशा अदलाबदलीत नकला होत गेल्या, प्रत्येक गावचा गठ्ठा थोडा वेगळा. सिनाय पर्वताजवळच्या मठात सापडलेल्या चौथ्या शतकातल्या पोथीत बर्णबाचं पत्र आणि हर्मासचं पुस्तकपण बांधलेलं आहे, आज ती आपल्यात नाहीत. कॅथलिक शेजारीण म्हणते तुमच्या बायबलात तोबित हे पुस्तकच नाही, त्यांची ७३ पुस्तकं आणि आमची ६६, तो जुन्या कराराचा वेगळाच विषय, आत्ता नको.

आता आमच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठांचं मत पडलं की पोरांना हे असलं काही सांगू नका, विश्वास ढळतो. मला हे अजिबात पटत नाही. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला म्हणून कुणा वारकऱ्याची श्रद्धा कमी झाली का हो? उलट लोकांनी शेकडो वर्षं हातानं उतरवून जपलं, छळाच्या दिवसांत पोथ्या जाळायला शिपाई आले तरी लपवून ठेवलं, हे पोराला कळलं तर तो पुस्तक जरा नीट धरेल. लपवलं की मग फॉरवर्डच त्याचा गुरू होतो.

माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं. बंगालातल्या सिरामपूरला मराठी नवा करार १८११ साली छापला, मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापूरला १८५२ साली आले, पण आजीपर्यंत जे पोचलं ते सगळं कानानं. रविवारी उपासनेत ऐकायची आणि आठवडाभर भाकरी थापताना तेविसावं स्तोत्र, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, असं पुटपुटत राहायची. एखादा शब्द चुकायचा, तिच्या मनानं घातलेला असायचा. करिंथातल्या बऱ्याच बायकांनीसुद्धा पौलाचं पत्र असं ऐकूनच पाठ केलं असेल की. तिला यादी कुणी केली ते कधी विचारावंसं वाटलं नाही, पण पुतण्याला वाटलं, तर त्याला खरं सांगायला नको का?

पत्र लांबलंय, जागा नसेल तर आजीचं कापा, पण ते ३६७ तेवढं राहू द्या.

आपली नम्र,
एक वाचक, कोल्हापूर