लॅपटॉपच्या खोक्यावर आवाजाचा आकडा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की ध्वनिवर्धकांच्या त्रासाबद्दल आपल्या सदरात पत्रे येऊ लागतात, आणि ती यायलाच हवीत. मला मात्र घरातल्या एका आवाजाबद्दल लिहायचे आहे. लॅपटॉपचा पंखा आणि त्याची हार्ड डिस्क यांचा आवाज. विषय किरकोळ वाटेल. पण आज पुण्यात घरोघरी लॅपटॉपवर कचेऱ्या चालतात, शिकवण्या होतात. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुले खांद्याला खांदा लावून वाचत बसलेली असतात. त्यातल्या एकाचा जुना लॅपटॉप घरघरू लागला की अख्ख्या ओळीचे लक्ष उडते. लॅपटॉप म्हटला की आवाज आलाच, असे आपण धरून चाललो आहोत. तसे धरून चालायचे काही कारण नाही, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

मी निवृत्त शिक्षिका, कोथरूडला राहते. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली प्रकरणे वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम गेली काही वर्षे करते आहे. संगणक आता मराठी मजकूर बऱ्यापैकी वाचून दाखवतो, पण जुन्या पुस्तकांच्या अंधुक स्कॅन प्रती, अर्थशास्त्राच्या आकृत्या, तक्ते आणि कविता यांना अजून माणूसच लागतो. पुस्तकाची पाने पडद्यावर मोठी करून वाचायची आणि समोरच्या माइकवर मुद्रण करायचे, अशी माझी पद्धत. त्यामुळे लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवता येत नाही.

ऐकणाऱ्या एका विद्यार्थिनीने एकदा फोनवर विचारले, "बाई, वाचताना तुम्ही छताचा पंखा चालू ठेवता का?" मी तर मुद्रणाच्या वेळी पंखा आणि खिडक्या दोन्ही बंद ठेवते. पौड रोडची वर्दळ आणि आजूबाजूच्या पुनर्विकासाची यंत्रे यांमुळे ते करावेच लागते. मग खोली तापते. लॅपटॉप तीच तापलेली हवा आत ओढतो, म्हणून त्याचा पंखा आणखी जोरात फिरतो. एप्रिल-मे महिन्यांत तर पहिले पानही संपत नाही तोच तो सुरू होतो. मी जी शांतता करू पाहत होते तिच्यामुळेच हा आवाज वाढत होता.

हे विद्यार्थी मुद्रण नेहमीच्या गतीने ऐकत नाहीत. सरावाने ती मुले दीडपट, दुप्पट वेगाने ऐकतात. तेव्हा मागचा आवाज नुसता कंटाळवाणा राहत नाही, अक्षरेच गिळतो. हार्ड डिस्कची गुणगुण त्या मानाने सोपी. लॅपटॉपमधली बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. तिचा मूळ स्वर त्यामुळे ९० हर्ट्झच्या आसपास असतो. बाईमाणसाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण २०० हर्ट्झजवळ. तेव्हा १०० हर्ट्झच्या खालचा भाग सॉफ्टवेअरने कापून टाकला तरी वाचनाला धक्का लागत नाही. पंख्याचे तसे नाही. हवा पात्यांवरून आणि जाळीतून घुसताना जो सूं-सूं आवाज होतो तो खालच्या-वरच्या सगळ्याच स्वरांत पसरलेला असतो, आणि श, ष, स, फ हे आपले उच्चारही मुळात हवेच्या घासण्याचेच. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मागचा आवाज कमी करण्याची सोय आहे, मी ती वापरते. पण ती जरा जास्त लावली की पंख्याबरोबर 'श'ही पुसट होतो, आणि 'शासन' आहे की 'आसन' हे कळायला ऐकणाऱ्याला मागे जावे लागते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीला असे दर पानाला मागे जायला लावणे मला मान्य नाही. आवाज जिथे होतो तिथेच तो कमी करायला हवा.

म्हणून टिळक रोडवरच्या एका दुकानात गेले. तिथे लॅपटॉप उघडूनही न पाहता सांगण्यात आले, "काकू, जुना झालाय, आवाज येणारच. नवीन घेऊन टाका." हेच उत्तर माझ्या ओळखीच्या अनेकांना वेगवेगळ्या दुकानांतून मिळाले आहे. माझा लॅपटॉप चालत होता, पडदा चांगला होता, कळफलक चांगला होता. आमच्या सोसायटीतल्या, पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या मुलाने तो माझ्यासमोर उघडला तेव्हा पंख्याच्या तोंडाशी, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्यांवर, धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला होता. गाद्यांचा कापूस, उदबत्तीच्या धुराची चिकटी आणि कोथरूडमध्ये सध्या पडणाऱ्या इमारतींचा धुरळा, सगळे त्यात होते. हवा जायला वाटच नव्हती. पंखा पूर्ण जोर लावून त्या नमद्यावर हवा आपटत होता.

हा नमदा बाहेरून फुंकर मारून निघत नाही, उलट आत पंख्यावर जाऊन पडतो. मागचे झाकण उघडावे लागते. त्या मुलाने लॅपटॉप बंद करून, बॅटरीची तार सोडवून, मऊ ब्रशने धूळ ओढून काढली. हवा मारताना पंख्याची पाती दातकोरणीने अडवून धरली, कारण हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. मग प्रोसेसर आणि तांब्याची उष्णतावाहक नळी यांच्यामधली वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे पोचवणारा लेप, पुसून नवी लावली. सगळे काम एका दुपारचे. वॉरंटीची मुदत चालू असेल तर हे अधिकृत सेवा केंद्रातूनच करून घ्यावे. मुदत संपलेली असेल तर डेल, एचपी, लेनोवो यांच्या अनेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका इंटरनेटवर मोफत आहे, कोणता स्क्रू कुठला हे त्यात चित्रासह दिलेले असते.

एवढ्याने इतका फरक पडण्यामागे शास्त्र आहे. पंख्याचा आवाज त्याच्या वेगाच्या मानाने फार झपाट्याने चढतो आणि तितक्याच झपाट्याने उतरतो. वेग फक्त २० टक्क्यांनी कमी झाला तर आवाज सुमारे ५ डेसिबलने खाली येतो. म्हणून लॅपटॉप थोडासा कमी तापला तरी कानाला लगेच कळते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १००ऐवजी ९९ टक्के केली तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची 'टर्बो' धाव, म्हणजे मधूनच घेतलेला जादा वेग, बंद होते आणि तो कमी तापतो. वाचन, लेखन, मुद्रण यांना त्या धावेची गरजच नसते. उघड्या ठेवलेल्या ब्राउझरच्या टॅब बंद केल्या की तोच परिणाम. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, 'फॅन ऑलवेज ऑन' असा पर्याय असतो, तो चालू असेल तर चार्जर लावल्यावर पंखा विनाकारण फिरत राहतो. मात्र उष्णता तशीच ठेवून केवळ सॉफ्टवेअरने पंख्याचा गळा दाबू नये. आतला भाग तापत राहतो, आणि शेवटी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी मंद होतो.

लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवण्याची सवय मी कितीतरी घरांत पाहते. खालच्या जाळ्या त्यात बुडतात. खाली एखादा पाट ठेवला तरी चालतो. आणि लॅपटॉप उलटा करून त्याचे चार रबरी पाय जागेवर आहेत का ते अवश्य पाहावे. डिंक सुटून ते पडतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यांच्यावाचून हवेची फट मिटते, शिवाय हार्ड डिस्कची थरथर सरळ टेबलात उतरते आणि लाकडी टेबल तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे ती घुमवते. फर्निचरच्या पायांना लावायचे चिकट रबरी ठोकळे हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळतात.

पंखा घासल्यासारखा खरखरत असेल तर सफाईने भागत नाही, बेअरिंग झिजलेले असते. तेलाचा थेंब थोडे दिवस काम देतो. पंखा बहुतेक लॅपटॉपमध्ये सुटा मिळतो. त्याच्यावरच्या चिठ्ठीचा क्रमांक घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी करावी किंवा ऑनलाइन मागवावा.

हार्ड डिस्कबद्दल सांगायचे तर तिला गप्प करण्याचा पक्का उपाय एकच, ती काढून एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवणे. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, म्हणून आवाजही नसतो. सगळी माहिती जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवून घेता येते आणि जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून जादा प्रत ठेवायला वापरता येते. ज्यांना हे आत्ता शक्य नाही त्यांनी रॅम पुरेशी आहे का ते पाहावे. रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेला पसारा सतत डिस्कवर लिहिते-वाचते, आणि ती कुरकुर ऐकू येते. पण डिस्कमधून ठरावीक तालात टक-टक येऊ लागली तर आधी फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, मग बाकीचे. तो आवाज डिस्क बंद पडण्याची पूर्वसूचना असू शकतो.

आता माझी मागणी. लॅपटॉप घेताना खोक्यावर रॅम असते, पडद्याचे इंच असतात, वजन असते. आवाज किती, हे कुठेच नसते. नवा लॅपटॉप शांत असेलच असेही नाही. गेमिंगचे काही लॅपटॉप पूर्ण जोरावर ५० डेसिबलच्या घरात जातात. आपल्या देशाच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती घराबाहेरच्या वातावरणासाठी आहे, लॅपटॉपला लागू नाही हे मला माहीत आहे. पण रात्री जागून शेजारच्या खाटेवर काम करणाऱ्याच्या घरात बाकीचे कसे झोपत असतील, याचा अंदाज त्यावरून यावा.

आवाज मोजायचा कसा, हा प्रश्न सुटलेला आहे. संगणकाचा आवाज मोजण्यासाठी आयएसओ ७७७९ आणि तो जाहीर करण्यासाठी आयएसओ ९२९६ अशी आंतरराष्ट्रीय मानके आहेत. काही कंपन्या आपल्या पर्यावरणविषयक पत्रकांत हे आकडे देतातही, फक्त ती पत्रके गिऱ्हाईक कधी पाहत नाही. युरोपात फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या ऊर्जा-लेबलवरच डेसिबल छापलेले असतात. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकनाची योजना लॅपटॉपसाठी ऐच्छिक स्वरूपात आहेच. त्या लेबलवर आवाजाची ओळ वाढवावी, आणि आकडे दोन असावेत: लॅपटॉप नुसता चालू असतानाचा आणि पूर्ण कामात असतानाचा. त्याशिवाय मागचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते का आणि पंखा सुटा मिळतो का, हेही लिहावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले. ही माहिती तिथेही हवी.

ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली याच शहरात उभी केली. पुण्यातल्या ग्राहक कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घेऊन ब्यूरोला आणि कंपन्यांना लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुद्रणातले दोन-चार नमुने, सफाईच्या आधीचे आणि नंतरचे, त्यांना ऐकवायला मी आनंदाने देईन. अभ्यासिकांच्या चालकांनाही सांगणे आहे: 'लॅपटॉप वापरू नये' अशी पाटी लावण्याआधी मुलांना एकदा पंखा साफ करून आणायला सांगावे. त्यातल्या अनेकांना दुसरा लॅपटॉप घेणे परवडणारे नाही. आणि नवा घेणाऱ्या वाचकांनी दुकानदाराला एवढे अवश्य विचारावे की याचा आवाज किती डेसिबल आहे, आणि उत्तर लेखी मागावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कोथरूड, पुणे