दादरचे साडीवाले आजोबा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आमचे आजोबा गेल्या महिन्यात गेले, आयुष्यभर दादरला साडीच्या दुकानात सेल्समन होते. पांढऱ्या गादीवर बसून पदर असा झटक्यात उलगडायचे की नुसती बघायला आलेली बाईपण थांबायची, आणि येवल्याची पैठणी असली तर आधी पदर उलटा करून दाखवायचे, हातमागाची असेल तर नक्षी मागूनपण तशीच स्वच्छ दिसते, मशीनची असेल तर मागे धागे लोंबतात. १९८२ च्या गिरणी संपात लालबाग-परळच्या बायका मुलीच्या लग्नाची खरेदी करायला यायच्या तेव्हा महागडा माल ते खाली काढायचेच नाहीत, स्वस्तातली पण टिकणारी साडी शोधून द्यायचे. मला याचा फार अभिमान वाटतो. अशा जुन्या सेल्समन लोकांवर तुमच्या पेपरने एक पुरवणी काढावी, मनापासून विनंती.

– त्यांची नात, लालबाग