प्रायव्हसी पॉलिसी लिहून देण्यासाठी माणसं हवीत, थोडे पैसेही

सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतली वाचनालयं, पतसंस्था, तालमी, हळद-बेदाणा ऑनलाइन विकणारे, मिरजेचे सतारमेकर यांच्या वेबसाइटसाठी मराठीतून प्रायव्हसी पॉलिसी (लोकांची कोणती माहिती घेतो आणि तिचं काय करतो हे सांगणारं निवेदन) तयार करून देण्याचं काम आमच्या वाचनालयाने हाती घेतलं आहे. फी नाही. त्यासाठी स्वयंसेवक हवेत आणि देणगी हवी.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमती, सूचना, सुरक्षितता यांची मुख्य कलमं मे २०२७ पासून लागू होतात. ‘तोवर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की धंदा-व्यवसाय करणाऱ्यांनी वेबसाइटवर पॉलिसी लावावी हा नियम २०११ पासूनचा आहे. नव्या कायद्यात सुरक्षिततेच्या हलगर्जीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. गावच्या वाचनालयाकडे कोणी एवढी रक्कम मागणार नाही, दंड चुकीचं गांभीर्य बघूनच ठरतो; पण संस्था लहान आहे म्हणून आपोआप सुटकाही नाही.

बहुतेकांचं घोडं अडतं ते नकलेवर. दुसऱ्याची पॉलिसी उचलून नाव बदललं की काम झालं असं वाटतं. मग तासगावच्या बेदाण्याच्या दुकानाची पॉलिसी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क सांगत बसते, आणि ‘आम्ही माहिती कोणालाही देत नाही’ असं छातीठोक लिहिलेल्या साइटवर गूगल अॅनालिटिक्स (साइटला कोण भेट देतं हे मोजणारं साधन), पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) आणि गूगल फॉर्म तिन्ही चालू असतात, म्हणजे माहिती बाहेर जातेच. पॉलिसी नसण्यापेक्षा खोटी पॉलिसी जास्त अडचणीची, कारण ती आपल्याच सहीने दिलेला पुरावा असते.

म्हणून लिहायला बसण्याआधी आम्ही यादी करतो. खरं काम तेच, आणि माणसं लागतात ती तिथेच. साइटवरचा प्रत्येक फॉर्म उघडायचा आणि प्रत्येक रकान्यापुढे पाच गोष्टी मांडायच्या: कोणती माहिती, कशासाठी, कुठे साठते, कोण बघतं, कधी पुसणार. ‘कशासाठी’ला उत्तर सापडत नसेल तर तो रकाना काढून टाकायचा. जन्मतारीख आणि आधारची झेरॉक्स बहुतेक वेळा इथेच गळते. मात्र ८०जीची (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी) पावती देणाऱ्या संस्थेला देणगीदाराचा पॅन किंवा आधार क्रमांक आयकर विभागाला कळवावा लागतो. तो ठेवायचा आणि कारण लिहायचं. फॉर्मच्या उत्तरांची शीट ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडी नाही ना, आणि साइट बनवून देऊन गेलेल्या मुलाच्या जीमेलवर अजून प्रती जात नाहीत ना, हे आधी तपासा.

त्यानंतर मसुदा. संमतीची चौकट आधीच टिक केलेली चालत नाही. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. एका क्लिकवर घेतलेली संमती काढायला ‘कार्यालयात लेखी अर्ज करा’ म्हणता येत नाही. सूचना इतर अटींत न मिसळता स्वतंत्र, साध्या भाषेत द्यायची, आणि ती इंग्रजीत किंवा मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय ठेवायचा. तक्रार कोणाकडे करायची ते लिहायचं, ती नव्वद दिवसांच्या आत निकाली काढायची, माहिती फुटली तर संबंधितांना विनाविलंब कळवायचं आणि ७२ तासांत या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला तपशील द्यायचा. माहिती आणि ती हाताळल्याच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायच्या असल्याने ‘सगळं लगेच पुसतो’ असं आश्वासन देऊ नका.

मुलांचा भाग नाजूक. कायद्याने अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल. चित्रकला-निबंध स्पर्धेचा ऑनलाइन फॉर्म असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, नुसती ‘मी पालक आहे’ची टिक पुरत नाही.

महापुराच्या याद्यांबद्दलही विचारणा होते. आपत्तीत मदत पोचवण्यासाठी माहिती वापरायला कायदा संमती मागत नाही. पण २०१९ च्या पुरातल्या नाव-नंबर-आधारच्या याद्या अजून कुणाच्या व्हॉट्सअॅपवर पडून असतील, तर त्यांचं काम कधीच संपलं आहे. पुसा.

युरोपातल्या गिऱ्हाइकांना युरोत किंमत दाखवून सतार विकणाऱ्यांना तिकडचा जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदाही लागू होऊ शकतो. अशी कामं वकील मिळाल्याशिवाय आम्ही घेणार नाही.

तेव्हा हवं आहे ते असं. माहिती-तंत्रज्ञान कायद्याची जाण असलेले किमान दोन वकील, महिन्यातून एक रविवार, मसुदे तपासायला. वेबसाइटचं पाठीमागचं कामकाज कळणारे पाच-सहा जण. एका संस्थेच्या यादीला दोन माणसांचे साधारण चार तास जातात. मराठी सोपं करून लिहिणारे शिक्षक, पत्रकार. एखादा चालू स्थितीतला लॅपटॉप. पैसे लागतील ते कोरे तक्ते छापायला आणि जत, आटपाडी, शिराळ्याला जाण्या-येण्याच्या एसटी भाड्याला. शंभर रुपयेही चालतील.

देणगी वाचनालयाच्या कार्यालयात सायंकाळी रोख किंवा चेकने द्यावी, पावती लगेच मिळेल. पावतीवर फक्त नाव आणि रक्कम लिहू; आमच्याकडे ८०जी नाही, त्यामुळे पॅन विचारणार नाही. स्वयंसेवकांच्या अर्जात तीनच रकाने आहेत: नाव, फोन, सवडीचा वार. काम संपल्यावर अर्ज फाडून टाकू.