भंगार म्हणायच्या आधी एकदा येऊन तर बघा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या गल्लीत एक रिटायर वेल्डर काका आहेत, त्यांनी घरापुढच्या स्वतःच्या जागेत जुन्या लोखंडाची आख्खी दिंडी उभी केलीय. आता त्यांना नगरपरिषदेची नोटीस आलीय की ही अडगळ आहे, डास होतात, कुणाच्या अंगावर पडंल, ताबडतोब हटवा. नोटीस काढणाऱ्यानं फाटकाच्या आत पाय ठेवला असंल असं काही वाटत नाही बगा.

प्रत्येक वारकऱ्याचं धड म्हणजे बोअरची जळकी मोटर, हातात टाळ म्हणून गंजक्या बेअरिंगा, एकाच्या गळ्यात तेलाच्या डब्याची वीणा. आमच्याकडं उन्हाळ्यात बोअर आटले की मोटर कोरडी फिरून जळतेच, त्यामुळं दिंडीत माणसं वाढायलीत! पुढं पोळ्याची बैलजोडी, अंग फटफटीच्या पेट्रोल टाक्यांचं अन् शिंगं सायकलच्या हँडलची, बाजूला मोर, त्याचा पिसारा ठिबकच्या नळ्यांचा आणि डोळे फुटक्या सीडीचे. लहान लेकरं शाळेतून येताना तिथंच थांबतात. हेच काकांनी किलोवर घातलं असतं तर जालन्याच्या भट्टीत वितळून सळई झाली असती, कुणी चकार शब्द काढला नसता.

चंदीगडला नेकचंद नावाच्या रोड इन्स्पेक्टरनं तर सरकारी जंगलात चोरून, फुटक्या बांगड्या अन् कपबशा जमवून मूर्ती केल्या. 1975 च्या सुमारास ते उघडकीला आलं, पाडायच्या गोष्टी झाल्या, पण शेवटी 1976 ला लोकांसाठी खुलं केलं आणि 1984 ला त्यांना पद्मश्री. काकांची जागा तर घरची आहे, सातबारा नसला तरी पीआर कार्ड, म्हणजे जागेचं मालमत्ता पत्रक आहे.

पडायची भीती म्हणाल तर अमेरिकेत लॉस एंजेलिसला सायमन रोडिया नावाच्या कामगारानं एकट्यानं बांधलेले लोखंडी मनोरे तिथल्या पालिकेला धोकादायक वाटले होते, 1959 ला ताण देऊन तपासले तर मनोरे जागचे हलले नाहीत, म्हणून पाडले नाहीत. म्हणजे आधी तपासणी, मग नोटीस. इथं उलटं चाललंय.

डासांचं मात्र खरंय, त्यात काकांची बाजू घेणार नाही. दिंडीतल्या टायरात पावसाचं पाणी साचलं की आठ-दहा दिवसात डेंग्यूचे डास तयार होतात. पण त्याला टायरांना खालून भोकं पाडली की झालं, वेल्डरला ते काय सांगायचं. नगरपरिषदेच्या साहेबांनी एक इंजिनिअर आणि मलेरिया विभागाचा एक माणूस पाठवावा, जिथं पाया कच्चा वाटंल तिथं खूण करावी, आणि तोवर नोटीस थांबवावी, एवढीच विनंती.

— एक वाचक, जि. जालना