भोक पाडायच्या आधी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

घराच्या कामासाठी तू पाठवलेले थर्मोस्टॅटचे पाचही फोटो बघितले. दोन गोल, दोन चौकोनी आणि एक नुसतीच काळी काच. तिच्यावर काहीच दिसत नाही, म्हणजे सगळ्यात महाग तीच असणार. खाली तुझी एक ओळ: ‘आई, यातला कुठला घेऊ? इलेक्ट्रिशियन सोमवारी येतोय.’ फोन न करता लिहायलाच बसले, कारण फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि तेव्हाच दुसऱ्या कुणाशी तरी टाइल्सचं बोलत असतोस.

इलेक्ट्रिशियनला येऊ दे, बाकीचं वायरिंग करू दे. थर्मोस्टॅटसाठी भिंतीला भोक तेवढं पाडू देऊ नकोस.

माझी सगळी नोकरी तापमापकं तपासण्यात गेली, हे तुला ठाऊक आहे. लोक तापमापक घेऊन यायचे, ‘हे चुकीचं दाखवतंय’ म्हणायचे. बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितलं की ते बिचारं शून्यावर येऊन गप उभं राहायचं. मग मी विचारायची, टांगलं कुठे होतं? कुणी खिडकीला लागून, कुणी दिव्याखाली, एकाने तर मशीनच्या पाठीला चिकटवलेलं. थर्मोस्टॅट म्हणजे तापमापक आणि त्याला जोडलेलं, हीटिंग किंवा एसी चालू-बंद करणारं बटण. त्याला तुझं घर माहीत नसतं. भिंतीवरची वीतभर जागा माहीत असते आणि त्या जागेला जे वाटतं ते तो घरभर लागू करतो.

आपल्या जुन्या घरातला हॉलमधला थर्मोस्टॅट आठवतो? तू सात वर्षांचा असशील. मी साफ करायला झाकण काढलं होतं आणि तू स्टुलावर चढून आत बघत होतास. दोन धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. तिच्या टोकाला काचेची छोटीशी कुपी आणि कुपीत पाऱ्याचा थेंब. एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, म्हणून ऊब लागली की गुंडाळी वळते, कुपी कलते, पारा घरंगळतो आणि तारांची जोड तुटते. तू तोंड जवळ नेऊन ‘हाऽऽ’ केलंस. गुंडाळी जरा थरथरली, पारा पलीकडे गेला आणि खाली हीटिंग बंद झाल्याचा आवाज आला. तुझ्या एका श्वासाने सबंध घर ‘पुरेसं ऊबदार’ ठरलं! तुला ती जादू वाटली. मला तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं, पण आलं नाही.

कारण पुढच्याच हिवाळ्यात उलटा प्रकार झाला. थर्मोस्टॅट २० अंशांवर आणि झोपायच्या खोल्या भट्टीसारख्या. तू पांघरूण लाथाडायचास, बाबा रात्री खिडकी उघडायचे आणि वीजबिल बघून मी गप्प व्हायची. दोन तंत्रज्ञ येऊन गेले. एकाने थर्मोस्टॅटच बदलला, तरी तेच. शेवटी मी भिंतीवरून तो उतरवला आणि मागच्या भोकावर हात धरला, तर बोटांना गार वाऱ्याची झुळूक लागली. तार आणायला पाडलेलं भोक भिंतीच्या पोकळीत उघडं राहिलेलं, आणि त्यातून येणारी थंड हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर. तो आपला इमानदारीने ओरडत होता, ‘थंडी वाजतेय, थंडी वाजतेय.’ सुपारीएवढा पुट्टीचा गोळा भरला आणि त्या रात्री सगळे शांत झोपले. दिवसभर लोकांच्या तापमापकांच्या जागा विचारणारी मी, माझ्या घरात ते बघायला दीड वर्ष लागलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

तेव्हा आधी जागा, मग यंत्र. जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच, घराच्या आतल्या भिंतीवर, बाहेरच्या भिंतीवर नाही. ऊन पडेल तिथे नको, आणि ऊन म्हणजे फक्त सकाळचं नव्हे, संध्याकाळी तिरकं आत येतं तेही. स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून नको, टीव्हीच्या वर नको, दाराच्या झोतात नको, एसीची हवा थेट अंगावर येईल असं नको. तू प्लॅनमध्ये पॅसेजमध्ये खूण केली आहेस. मला ती जागा पटत नाही. पॅसेजमध्ये कुणी बसत नाही, कुणी झोपत नाही. तिथे बरं वाटून काय उपयोग? तिथे तार आणणं सोपं, एवढंच तिचं पुण्य.

खोलीतल्या विजेच्या थर्मोस्टॅटचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वॉरन जॉन्सन नावाचे एक शिक्षक होते. त्यांच्या शाळेत शिपाई वर्गावर्गात डोकवायचा, कुठे गारठा आहे, कुठे उकडतंय ते बघायचा आणि तळघरात जाऊन झडपा हलवायचा. शिकवण्यात व्यत्यय नको म्हणून जॉन्सननी वर्गातून तळघरात घंटी वाजवणारं विजेचं उपकरण केलं. १८८३ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. शोध चांगलाच, पण त्यात एक गोष्ट सुटली असं मला नेहमी वाटतं. शिपाई निदान आत येऊन मुलांकडे बघायचा. पोरं कुडकुडताहेत की पेंगताहेत हे त्याला दिसायचं.

ते दिसणं परत आणायचं तर एकच उपाय आहे, वेगळे सेन्सर. तुझ्या फोटोंतल्या दोन मॉडेलना ते जोडता येतात. छोटी डबी असते, बाळाच्या खोलीत एक ठेवायची, बैठकीत एक. रात्री बाळाच्या खोलीचं ऐकायचं, दिवसा बैठकीचं, असं सांगता येतं. काचेवरच्या रंगीत आकड्यांपेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं. फोनवरून चालवता येणं ही सोय आहे, पण इंटरनेट बंद असताना भिंतीवर हात लावून तापमान बदलता येतं का, हे विकत घेण्याआधी विचार. कंपनीने चार वर्षांनी त्या ॲपकडे पाठ फिरवली तर काय उरतं, तेही. बाबांना ॲप नको असतं, हाताने फिरवायची चक्ती असली की ते खूश.

आता तारांचं. थर्मोस्टॅट कुठल्या यंत्राला हुकूम देणार, हे ठरल्याशिवाय तो घेणं म्हणजे नवरदेव ठरायच्या आधी शेरवानी शिवणं. डक्टवाली, म्हणजे नळ्यांतून घरभर हवा नेणारी मध्यवर्ती यंत्रणा असेल तर बहुधा २४ व्होल्टच्या बारीक तारा असतात, आणि स्मार्ट थर्मोस्टॅटला चोवीस तास जागं राहायला त्यांत बहुतेकदा एक जादा तार लागते. तिला कॉमन किंवा सी-वायर म्हणतात. भिंती उघड्या आहेत तोवर ती टाकून घे, नंतर ती न टाकल्याचा पश्चात्ताप होतो. विजेचे हीटर थेट घरच्या मोठ्या व्होल्टेजवर चालत असतील तर त्यांचा थर्मोस्टॅट निराळा. २४ व्होल्टचा त्या हीटरना जोडलास तर जळेल, आगही लागू शकेल. आणि भिंतीवरचे स्प्लिट एसी बसवणार असशील, तर प्रत्येकाच्या पोटात स्वतःचा थर्मोस्टॅट असतोच. तो आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान बघतो, म्हणजे छताजवळच्या हवेचं. तुझ्या फोटोंतला एकही थर्मोस्टॅट त्यांना सरळ जोडता येणार नाही, बहुधा त्याच कंपनीचा कंट्रोलर घ्यावा लागेल. काही रिमोटमध्येच सेन्सर असतो. तसा असेल तर रिमोट ठेवशील तिथलं तापमान धरलं जातं, तो उशीखाली सापडला की झालं!

फरशीखालून ऊब देणारी यंत्रणा मीराला हवी आहे असं ती म्हणाली. सुख आहे ते, पायाला लागतं तेव्हा कळतं. पण ती फार सुस्त असते. काँक्रीट तापायला तास जातात, निवायलाही तास जातात. सकाळी उठून बटण फिरवलं आणि चहाबरोबर ऊब आली, असं होत नाही. तिला वेळापत्रक आधी द्यावं लागतं, आणि फरशीच्या पोटात एक सेन्सर लागतो. बसण्या-उठण्याच्या जागी फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर नेत नाहीत, लाकडी असेल तर त्याहून कमी.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दमटपणात, आणि त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. विलिस कॅरियरने १९०२ साली पहिलं वातानुकूलन केलं ते कुणाला गार वाटावं म्हणून नव्हे. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही, म्हणून. एसी अजूनही ती दोन्ही कामं करतो. हवा गार करतो आणि तिच्यातलं पाणी काढतो. पाणी निघायला गार कॉइलवरून हवा बराच वेळ फिरावी लागते. विक्रेता तुला म्हणेल, ‘साहेब, एक साइझ मोठाच घ्या, पटकन गार होईल.’ होतं ना पटकन गार. पाच मिनिटांत आकडा गाठतो आणि कॉम्प्रेसर बंद. पाणी हवेतच राहतं. मग खोली २४ अंशांवर असूनही अंग चिकचिकतं आणि माणूस २१ करतो. हवा गार पण ओलसर, भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग कमी करून हे बरंच सांभाळतो, पण त्यालाही एक किमान वेग असतोच. एसीचा टन म्हणजे वजन नव्हे, हे बाबांना अजून पटत नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जितकी उष्णता लागते, तितकी त्याच वेगाने घरातून काढण्याची ताकद म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॅट. किती टन लागेल ते खिडक्या, छत, ऊन, माणसं मोजून काढायचं, नुसत्या चौरस फुटांवर नाही. आणि खिडकीवरचं ऊन काचेच्या बाहेर अडवता आलं, छज्जा, चिक, झाड, काहीही, तर तो हिशोबच लहान होतो. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो.

आर्द्रता दाखवणारा थर्मोस्टॅट घे. ४० ते ६० टक्क्यांत राहिली की माणसाला बरं वाटतं, त्याच्या खूप वर गेली की बुरशीला.

सवयींचं थोडंसंच लिहिते. घरी आल्या आल्या १६ वर नेलं म्हणून साधा एसी लवकर गार करत नाही, तो तेवढ्याच ताकदीने चालतो, फक्त थांबायचं विसरतो. पंखा खोली गार करत नाही, अंग गार करतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो फिरवू नये. पंखा सुरू असला की एसी दोनतीन अंश वर ठेवता येतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच तीच फिरवतो. सकाळी डोकं जड वाटलं तर आधी खिडकी उघड. थर्मोस्टॅट ‘ऑटो’वर ठेवणार असशील तर गरम आणि गार यांच्या आकड्यांत तीनेक अंशांचं अंतर ठेव, नाहीतर दोन यंत्रं दिवसभर एकमेकांशी भांडतील आणि बिल तू भरशील.

भांडणावरून आठवलं. बाबा आणि मीरा एका घरात राहणार, म्हणजे आकड्यावरून कुरबूर होणारच. डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी १९७० च्या सुमारास यावर मोठं काम केलं. माणसाला बरं वाटणं सहा गोष्टींवर ठरतं, असं त्यांनी मांडलं: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-खिडक्यांचं तापमान, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेलं काम. थर्मोस्टॅट यातली एकच बघतो. आणि सगळं उत्तम जुळलं तरी शंभरात पाचेक माणसं नाराजच राहतात, असंही त्यांच्या गणितातून निघतं. आपल्या घरातली ती पाच टक्के म्हणजे बाबा. त्यांना मोठ्या खिडकीला पाठ करून बसवू नकोस. गार काच त्यांच्या पाठीची ऊब ओढते आणि ते आकड्यावर राग काढतात. खुर्ची दोन हात सरकवलीस तर एक अंश वाचेल. तरीही त्यांच्या खोलीला स्वतंत्र नियंत्रण दे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीत घरात किमान १८ अंश असावेत असं सांगितलंय आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना त्याहून जास्त लागू शकतं. बाबा मला ‘म्हातारा कुणाला म्हणतेस’ विचारतील, हा भाग त्यांना वाचून दाखवू नकोस.

पाचांतला कुठला, ते मी आत्ता सांगत नाही. पुढच्या आठवड्यात येतेय तेव्हा माझी चार जुनी तापमापकं घेऊन येते, दोन आर्द्रतेचीही आहेत. एक पॅसेजमध्ये तुझ्या खुणेवर लावू, एक बैठकीत सोफ्याच्या जागी, एक बाळाच्या खोलीत पाळण्याच्या उंचीला, एक बाबांच्या. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा, असे आठ-दहा दिवस मीरा आणि मी आकडे लिहू. वही माझ्याकडे आहे. तोवर सोमवारी इलेक्ट्रिशियन पेन्सिलने हवी तेवढी वर्तुळं काढू दे, ड्रिल मात्र तुझ्या हातात ठेव.

बाळाला पापा. मीराला सांग, फरशीचा रंग मला पहिलाच आवडला होता.

तुझी,
आई