डबा आईचा, बाबांनी हात लावायचा नाही

लाइपझिग

प्रिय आई-बाबा,
सा. न.

पार्सल मिळालं हे कळलं. पांढऱ्या-पिवळ्या फुलांचं चित्र असलेला डबा म्हणजे आईने मागवलेला कॅमोमाइलचा चहा. तो उघडायच्या आधी हे पत्र दोघांनीही पूर्ण वाचा. फोनवर आई अर्धं ऐकते, उरलेलं अर्धं बाबा ऐकतात आणि मग दोघं मिळून तिसरंच काहीतरी करता.

आधी बाबांचं. बाबा, हा चहा तुमच्यासाठी नाही. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून तुम्ही वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, घेताय. मेथी-पालकसुद्धा एका दिवशी भरपूर आणि एका दिवशी काहीच नाही असं करू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय ना, तसंच हे; यानेही त्या गोळीचा परिणाम बदलू शकतो. 2006 साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात एका सत्तर वर्षांच्या बाईंची नोंद छापून आली होती. वॉर्फरिन चालू असताना त्या खोकल्यासाठी दिवसातून चार-पाच कप कॅमोमाइल प्यायल्या, वर सुजलेल्या पायांना त्याचंच लोशनही चोळलं, आणि शरीरात आतल्या आत रक्तस्राव झाला. एका केसवरून सगळ्यांना नियम लावता येत नाही, कबूल. पण "एक कप प्यायल्याने काय होतंय" हे तुमचं नेहमीचं वाक्य इथे नको. पुढच्या वेळी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा रिपोर्ट, दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही.

आता आई. तू पाठवलेल्या त्या फॉरवर्डमध्ये झोप, साखर, बीपी, गुडघे, कॅन्सर, केस गळणं, सगळंच एका कपात बरं होत होतं. त्यातले गुडघे आणि केस तर सोडूनच दे. साखरेबद्दल मात्र थोडं खरं आहे. इराणमध्ये तब्रीझला मधुमेहाच्या 64 रुग्णांवर एक अभ्यास झाला. ज्यांनी आठ आठवडे रोज तिन्ही जेवणांनंतर हा चहा घेतला, त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे तुझ्या रिपोर्टवरचं एचबीएवनसी, नुसतं पाणी पिणाऱ्यांपेक्षा सुधारली. अभ्यास छोटा आहे. त्याच्या भरवशावर तू मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी चुकवलीस तर मी पुढचा डबा पाठवणार नाही.

झोपेचं तर आणखी गुंतागुंतीचं आहे. या फुलात एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं. झोपेच्या काही गोळ्या मेंदूत जिथे जाऊन काम करतात, तिथेच तेही चिकटतं, म्हणून सगळे याला झोपेचा चहा म्हणतात. पण अमेरिकेत मिशिगनला निद्रानाशाच्या 34 रुग्णांना महिनाभर त्याचा अर्क दिला, तर फारसा फरक दिसला नाही. इराणमध्ये वृद्धाश्रमातल्या लोकांना कॅप्सूल दिल्या, त्यांची झोप सुधारली. दोन्हीकडे अर्क होता, चहा नव्हे. मला विचारशील तर तुझा खरा फायदा वेगळाच आहे. रात्री मालिका बघताना तू जो दुधाचा, दोन चमचे साखरेचा कप घेतेस, त्याच्या जागी हा येईल. यात कॅफिन नाही, दूध नाही, साखर नाही. तेवढ्यानेच तुझी निम्मी तक्रार कमी होईल असं मला वाटतं. फक्त जेवण झालं की लगेच घे, झोपताना नको. नाहीतर रात्री दोनदा उठावं लागेल आणि खापर माझ्यावर फुटेल.

इथे जर्मनीत लोकांना हा मुख्यतः पोटासाठी आठवतो. पोटात मुरडा आला, मळमळलं, की घराघरात कॅमोमाइल आणि कोरडा टोस्ट. आपण ओवा चावतो तसंच. सर्दीला याच फुलांचा वाफारा घेतात, डोक्यावर टॉवेल घेऊन, अगदी तू आम्हाला द्यायचीस तसा.

करायची रीत नीट लक्षात ठेव. आपल्या चहासारखा उकळायचा नाही. कपात चमचाभर फुलं, त्यावर उकळून नुकतंच उतरवलेलं पाणी, आणि वर बशी झाकायची. सात-आठ मिनिटं. बशी काढलीस की तिच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले दिसतील, ते कपातच झटक. वास आणि बराचसा गुण त्या थेंबांतल्या तेलात असतो. गंमत म्हणजे वाफेवर काढलेलं ते तेल चक्क निळं असतं, चहा मात्र पिवळा. एक फूल नखाने उभं चिरून बघ, मधला पिवळा गोंडा आतून पोकळ निघेल. खऱ्या जर्मन कॅमोमाइलची ती खूण. तुमच्याकडे युनानी दुकानात 'बाबूना' म्हणून जे मिळतं त्यातही हे बघून घेत जा.

आणि आत्याला देऊ नकोस. तू देणारच, म्हणून आधी सांगते. हे झाड शेवंती, झेंडू आणि गाजर गवताच्या कुळातलं. गाजर गवताने तिच्या हातावर कसं पुरळ उठतं ते आपण दर पावसाळ्यात बघतो. तिला यानेही ॲलर्जी होऊ शकते. तुलाही पहिल्या कपानंतर ओठ किंवा घसा खाजला तर तिथेच थांब.

बाबा, आयएनआरच्या नव्या रिपोर्टचा फोटो पाठवा. मागच्या वेळी पाठवलेल्या फोटोत निम्म्या कागदावर तुमचा अंगठा होता.

तुमची,
सोनू